पाटावरचा खिलार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दावणीचे बैल कमी होत गेले, पण बैलातलं कळणारी माणसं काही कमी झाली नाहीत. उलट वाढलीच. ज्याच्या दारात बैल आहे त्याला वैरण-पाण्यातून बोलायला सवड नसते. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे, तो मात्र पारावर बसून कुणाच्याही बैलाची शिंगं, खूर, वशिंड, चाल आणि शेपटीचा गोंडा यांवर निकाल देत असतो. रिटायर झालेले तलाठी, बँकेतले कॅशिअर, हिंजवडीत संगणकापुढे बसणारी पोरं, सगळ्यांना बैल कळतो. या विद्येची परीक्षा घेणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे सगळे पहिल्या श्रेणीत पास आहेत.

ही सगळी विद्वत्ता वर्षातून एकदा देवघरापुढच्या पाटाभोवती गोळा होते. आषाढी एकादशी झाली की दोन-तीन दिवसांत आपल्याकडचा बेंदूर येतो. जतकडच्या गावांचा कर्नाटकी बेंदूर त्याआधीच, ज्येष्ठातल्या पौर्णिमेला होऊन गेलेला असतो. विदर्भ-मराठवाड्याचा पोळा पुढे श्रावणातल्या अमावास्येला. म्हणजे एखाद्या बैलाने नीट आखणी केली आणि त्याला वेळेवर एसटी मिळाली, तर एका पावसाळ्यात तीन वेळा पुरणपोळी खाता येईल. बैलांना पंचांग वाचता येत नाही, म्हणून हे अजून घडलेलं नाही.

ज्यांच्याकडे बैल नाहीत ते मातीचे बैल पूजतात. ज्यांच्याकडे आहेत तेही पूजतात, कारण खरा बैल देवघरापर्यंत आणला तर देवघर राहीलच असं सांगता येत नाही. पूर्वी गावचा कुंभार बेंदराच्या आधी घरोघर मातीची जोडी पोचवायचा आणि बलुत्याचं धान्य, वर सणाची पोळी घेऊन जायचा. त्या बैलांना कुणी नावं ठेवत नसे. फुकट आलेल्या बैलाचे दात मोजायचे नसतात, एवढी रीत लोकांना होती. आता पेठेत बैल विकत मिळतात आणि त्यातले बरेचसे प्लॅस्टरचे, साच्यातून काढलेले असतात. सगळ्यांचा चेहरा एकच. सगळे किंचित हसतात. आयुष्यभर नांगर ओढणाऱ्या जनावराला हसण्यासारखं काय दिसलं, हे साचा करणाऱ्यालाच ठाऊक. यंदा आमच्या हिने जाहीर केलं, ‘आपण घरीच करायचे. मातीचे. मुलांच्या हाताला माती लागू दे.’

पहिला प्रश्न मातीचाच. शेतातली काळीभोर माती आणावी असं सगळ्यांना वाटतं, कारण तिच्यावर कविता फार झाल्यात. पण काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, त्यामुळे तिचा बैल दुसऱ्या दिवशी अंगावर दुष्काळी तलावाचा तळ घेऊन उभा राहतो. कुंभाराला हे ठाऊक असतं. म्हणून तो माती चाळतो, भिजत घालतो, तुडवतो आणि तिच्यात राख, तूस किंवा घोड्याची लीद मिसळतो. लीद मिसळलेली माती वाळताना सहसा तडकत नाही. कृती सोपी आहे, फक्त साताऱ्यात फ्लॅटवर राहणाऱ्या माणसाला ताजी लीद हवी असेल तर महाबळेश्वरला वेण्णा लेकवर जावं लागतं, आणि तिथे घोड्यावर न बसता नुसतं घोड्याच्या मागे उभं राहणाऱ्या पर्यटकाकडे लोक संशयाने बघतात.

आम्ही कुंभारवाड्यातून मळलेली माती आणली. तिथल्या काकूंनी विचारलं, ‘किती बैल करायच्यात?’ म्हटलं, ‘एक जोडी.’ त्यांनी माझ्या हातांकडे एकदा बघितलं आणि दहा बैलांना पुरेल एवढी माती बांधून दिली.

धड करायला काहीच लागत नाही. गोळा घेतला, जरा लांबवला, झालं. इथपर्यंत प्रत्येक माणूस शिल्पकार असतो. पाय लावले की प्राण्याची जात ठरते, आणि ती ठरवण्यात आपला काही हात नसतो. पाय आखूड झाले तर डुक्कर. लांब केले तर ओल्या मातीला वजन पेलत नाही आणि बैल चहा होईपर्यंत गुडघे टेकतो. मान उचलली की कुत्रा, खाली केली की म्हैस, आणि वशिंड इंचभर मागे सरकलं की थेट राजस्थान. आमच्या धाकट्याने वशिंड पाठीच्या मधोमध बसवलं होतं. ते पुढे घ्यायला सांगितल्यावर त्याने शांतपणे दुसरं एक पुढे लावलं.

कुंभाराचे बैल नेहमी बुटके, जाड पायांचे आणि आखूड शिंगांचे का असतात, हे हातात माती घेतल्यावर पाच मिनिटांत कळतं. ते ठेंगणेपण हौसेने आलेलं नाही. ओल्या मातीला तेवढंच झेपतं. पण आपला भाग खिलारचा, तिथेच सगळं अडतं. खिलार म्हणजे उंच पाय, लांबट निमुळतं तोंड, कपाळाच्या मधोमध उभी खाच, लहान टोकदार कान आणि आधी मागे जाऊन मग वर वळणारी लांब, अणकुचीदार शिंगं. ज्या कुणी ही जात घडवली त्याने मातीकाम करणाऱ्यांचा विचार अजिबात केलेला नाही. शिंगात खराट्याची काडी घालावी तर माती वाळून आकसते, काडी आकसत नाही, आणि सकाळी शिंगाला उभी चीर. काडी न घालावी तर शिंग रात्रीतून कानावर येतं.

एवढं होऊन प्रकरण घरच्या घरी मिटलं असतं. पण आमच्या घरात दोन तज्ज्ञ येतात. माझे वडील, म्हणजे आबा, मूळचे म्हसवडकडचे, सातारा जिल्हा. सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, ते आटपाडीकडचे, सांगली जिल्हा. तसे दोघेही माणदेशीच. मधून जिल्ह्याची हद्द गेली आहे एवढंच. पाऊस दोघांकडेही सारखाच येत नाही. पण खिलार जातीचं खरं गाव कुठलं, हा प्रश्न निघाला की त्या हद्दीवर तारेचं कुंपण उभं राहतं. आबांचं जग म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेत सुरू होतं आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या बैलबाजारात संपतं. मामा खरसुंडीच्या बाजाराबाहेर विकल्या गेलेल्या जनावराला बैल म्हणतच नाहीत. दोघांनीही बैल विकून बरीच वर्षं झाली, आणि दोघेही एकमेकांना अजून बैल विकत घेताना फसलेला माणूस समजतात.

मामांनी पाटावरचा बैल उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, ‘पाव्हणं, ह्यो घाटाखालचा दिसतोय.’

कोकणातल्या ठेंगण्या गुरांबद्दल माणदेशात एवढ्याच सभ्यतेने बोलतात. आबांनी लगेच बैलाची बाजू घेतली. पाच मिनिटांपूर्वी याच बैलाला ते ‘ह्ये काय रं, रानडुक्कर?’ म्हणाले होते, पण आटपाडीने नाव ठेवल्यावर तो म्हसवडचा झाला. ‘बसका हाय, पर कामाचा हाय. तुमच्यासारखं नुसतं उंच पाय काय चाटायच्यात?’

‘दाती किती?’ मामांनी विचारलं.

इथे शहरी वाचकांसाठी सांगायला हवं की बैलाचं वय दातांवरून काढतात. दुधाचे दात पडलेले नाहीत तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, आणि सगळे आले की जुळला. भाव, लग्नाच्या स्थळासारखा, यावर ठरतो. आमच्या बैलाला तोंडच केलेलं नव्हतं. आबा म्हणाले, ‘आदत हाय.’ मामांनी अंगठ्याने बैलाची हनुवटी खाली दाबली. ओली माती होती, खरोखरच तोंड उघडलं. ते परत काही बंद झालं नाही. उरलेला सण त्या बैलाने आ वासून काढला, आणि जे काही चाललं होतं ते बघता तो भाव त्याला शोभत होता.

पुढे भोवऱ्यांची तपासणी झाली. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठे आहे यावर बैल लाभी की खोडीचा हे ठरतं. आमच्या बैलावर थोरलीच्या अंगठ्याचे ठसे उमटले होते, म्हणजे नखशिखांत भोवरेच भोवरे. मामांनी अशा बैलाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये असं मत दिलं. मग दोघांनी, निव्वळ सवयीने, टेबलावरचा नॅपकिन ओढून त्याखाली एकमेकांची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो, हातावर कपडा टाकून, म्हणजे चारचौघांत आकडा फुटत नाही. कितीला सौदा झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मामांनी मान हलवून हात काढून घेतला आणि आबा दिवसभर ‘परवडत न्हवतं’ असं पुटपुटत होते.

मधल्या काळात बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा या दोघांनी एकाच बाजूने भांडण केलं होतं, तेवढंच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला. आता शर्यतीच्या बक्षिसांत ट्रॅक्टरसुद्धा असतो. बैलाने जिवाच्या आकांताने पळायचं आणि जिंकून काय आणायचं, तर ज्याने आपली नोकरी घालवली त्यालाच. बैलांची संघटना नाही हे दोन्ही जिल्ह्यांतल्या सहकार चळवळीचं अपयशच म्हणायचं.

आमचा बैल बैलासारखा दिसत नाही हा मुद्दा तोवर सर्वमान्य झाला होता. थोरली चित्रकलेच्या क्लासला जाते. ती म्हणाली, ‘मॉडर्न आहे तो.’ यावर हसायचं कारण नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला, यमाईच्या डोंगरावर, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं एक छोटं दगडी आई-मूल शिल्पही आहे. ज्या हेन्री मूरसाठी लोक लंडनला जातात, तो आपल्याकडे वडूजच्या एसटीने जाऊन बघता येतो. त्याच्या आकृत्यांना नाक-डोळे नीट नसले तरी कुणी दात मोजत नाही. आबांनी ते शिल्प पाहिलेलं आहे. ‘त्या गोऱ्या मानसाला खिलार करायला सांगा मंग बघू’ असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि मातीच्या गोळ्याशी एक दुपार घालवल्यावर मला त्यात तथ्य वाटू लागलंय.

बाळासाहेब पंत स्वतः चित्रकार होते. त्यांनी ज्यांना कारखान्यासाठी जागा दिली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातलं होतं, पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि चित्रकला सोडावी लागली. मग १९१० साली सांगलीकडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. सुरुवातीला ते नांगर कुणी घेईना, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून. ज्या माणसाला रंग दिसले असते तर कदाचित त्याने बैलाची सुरेख चित्रं काढली असती, त्याने बैलाच्या मागे लोखंड बांधलं. बैलाच्या दृष्टीने पाहता रंगांधळेपणाइतकं महागात पडलेलं दुखणं दुसरं नसेल.

रंगाचं निघालंच आहे तर सांगतो. बैल सावलीत वाळवावा लागतो, उन्हात ठेवला की तडकतो. आषाढात ही काळजी घ्यावी लागत नाही, बैल वाळतच नाही. हिने तो फ्रीजच्या मागे, जिथे गरम हवा येते तिथे ठेवला. दोन दिवसांनी चुन्याचा हात द्यायचं ठरलं आणि म्हसवड-आटपाडी सीमावाद पुन्हा पेटला. मामांना पांढराफेक हवा. आबांना कोसा, म्हणजे पुढून-मागून काळसर छटा असलेला. शेवटी जोडी असल्यामुळे एक पांढरा आणि एक कोसा असा तोडगा निघाला. आमच्या ओळखीतलं एक लग्नही असंच जमलं होतं. शिंगांना हुरमुंज लागली, चॉकलेटच्या चांदीचं बेगड लागलं, झुलीवर टिकल्या बसल्या. डोळे मात्र जपून काढावे लागतात. बैलाचे डोळे असतात दोन बाजूंना. ते समोर काढले की माणूस होतो, आणि तो माणूस हमखास नात्यातला कुणीतरी दिसतो. धाकट्याने समोर काढले. कोण दिसत होतं ते सगळ्यांना कळलं आणि कुणीच बोललं नाही. हिने काजळाची डबी आणून घाईघाईने डोळ्यांभोवती काळं फिरवलं आणि म्हणाली, ‘काजळी खिलार.’ तीही शेवटी आटपाडीचीच.

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले खांदे हळद आणि लोण्याने चोळतात. मातीच्या बैलांनी आयुष्यात काही वाहिलेलं नसतं, पण विधी तो विधी. सासूबाई सांगलीहून हळद घेऊन आल्या होत्या. सांगलीची हळद, २०१८ पासून भौगोलिक मानांकन असलेली. दोघांच्या खांद्यांना त्यांनी भरपूर हळद चोळली आणि बघता बघता पांढऱ्या बैलाचे खांदे लालभडक झाले. चुना अजून ओला होता. हळदीत चुना पडला की काय होतं हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, कुंकू असंच करायचे, पण त्या क्षणी कुणाला आठवलं नाही. सगळे गप्प. आबा व्याह्यांकडे न बघता, खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत म्हणाले, ‘सांगलीची हळद साताऱ्याच्या चुन्याला लागली की आसंच हुतंय.’

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. त्यावर आबांनी केलेलं हे पहिलंच भाष्य.

मला वाटलं आता मामा बॅग भरतात. पण ते बैलाजवळ वाकले, चष्मा वर केला, लाल खांद्यावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. ‘पाव्हणं, खांदा सुजलाय ह्याचा.’ आबा उठून आले. ‘बघू.’ दोघांनी डोकी एकत्र केली. जू कुठे घासलं असणार, कुणी हाकला असणार, ओझं किती भरलं असणार, यावर पाऊण तास बोलणं झालं. शेक द्यावा असं आबांचं मत पडलं. मामांनी आठ दिवस जुंपू नका अशी सक्त ताकीद दिली, ती मला. मी कबूल केलं. या बैलाबद्दल दोन्ही जिल्ह्यांचं पूर्ण एकमत झालेली ही एकच गोष्ट.

माती कच्चीच ठेवून जनावर करणं ही आपल्याकडची फार जुनी चाल आहे. पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी निघाली. तिच्यासोबत कच्च्या मातीची, डोकं नसलेली देवीची मूर्ती होती आणि कच्च्या मातीचाच बैल. पंडितांनी देवीवर पुष्कळ चर्चा केली आहे. मला कौतुक त्या बैलाचं वाटतं. इतक्या काळानंतर, कुणीही शेजारी उभं राहून समजावून सांगितलेलं नसताना, बघणाऱ्यांनी त्याला बैल म्हणून ओळखलं. आमचा बैल आमच्या शेजारच्या बाईंना त्याच संध्याकाळी ओळखता आला नाही. ‘हत्ती छान झालाय’, म्हणाल्या. बहुधा इनामगावच्या त्या घरात व्याही येत नसावेत.

बेंदराच्या दिवशी बाकी सगळं रीतसर झालं. बैलांपुढे पुरणपोळी आली. शिंगांत कडबोळी अडकवायची असते. हिची कडबोळी चांगली खमंग आणि चांगली जाड होती. कोशाचं डावं शिंग कडबोळ्यासकट नैवेद्यात पडलं. धाकट्याने दोन्ही उचलली आणि कुठलं खायचं हे त्याला पहिल्या घासाला कळलं नाही. संध्याकाळी गावाकडे वेशीत पानांचा दोर बांधून बैलांकडून ‘कर’ तोडून घेतात, तशी मुलांनी दोन खुर्च्यांना सुतळी बांधली. कोणता बैल आधी जाणार यावर म्हसवड आणि आटपाडी दोन्हीकडून जोरात पाठिंबा सुरू झाला, आणि खालच्या मजल्यावरचे काका काय पडलं ते बघायला वर आले. त्यांनी पाटाकडे बघितलं, जरा वाकले, आणि म्हणाले, ‘वशिंड मागं झालंय वो.’ ते मूळचे मिरजेचे.

आता पुढे श्रावणात नागपंचमी. नाग करायला काही यावं लागत नाही, मातीची वळी लाटली की नागच होतो. खरं तर शिकणाऱ्याने इथून सुरुवात करायची आणि बैलापर्यंत पोचायचं, पण आपले सण लावताना कुणी अभ्यासक्रमाचा विचार केलेला नाही. मी निर्धास्त होतो. पण परवा मामांचा फोन आला. त्यांच्या चुलतभावाचे व्याही बत्तीस शिराळ्याचे आहेत. तिथे पूर्वी पंचमीला घराघरांत जिवंत नाग पूजायचे. न्यायालयाच्या आदेशानंतर ते थांबलं आणि मूर्तीवर, चित्रावर भागवायची वेळ आली, तेव्हापासून त्या पाव्हण्यांना करमत नाही. यंदा पंचमीला त्यांना आमच्याकडे पाठवतोय, म्हणाले.

‘नाग जरा नीट करा,’ मामा म्हणाले. ‘आन् फणा उचललेलाच करा. त्यांनी इचारलंय.’

मी फणा कसा उभा राहणार याची चिंता करत फोन ठेवला. हळद मात्र यंदा घरात भरपूर आहे, आणि नागाला खांदे नसतात.